कपाटातल्या अकरा बाटल्या आणि एक कुंडी : प्रकल्प नोंदी

१३ जुलै २०२५, रविवार

सकाळी डोळे उघडायलाच जड गेले. दोन्ही वरच्या पापण्या सुजलेल्या, गालांवर लाल चट्टे, आणि खाज अशी की नख लावल्यावाचून राहवेना. तीन आठवड्यांतली ही दुसरी वेळ. पहिल्यांदा उष्णता झाली असेल म्हणून सब्जा पिऊन गप्प बसले होते. आज गप्प बसायचं नाही असं ठरवलं.

बाथरूममधलं कपाट रिकामं केलं आणि सगळं जेवणाच्या टेबलावर मांडलं. कडुनिंबाचा फेसवॉश, ग्रीन टीचा टोनर, 'आवळा' सीरम, सुरकुत्यांसाठीचं बाकुचिओलचं सीरम, जेष्ठमधाचं क्रीम, 'संवेदनशील त्वचेसाठी' असं लिहिलेलं कॅमोमाइलचं क्रीम, टी ट्री तेलाची छोटी बाटली, पपईचा एन्झाइम मास्क, गुलाबजल, सासूबाईंनी डब्यात भरून ठेवलेली हळद-चंदनाची पूड आणि सनस्क्रीन. अकरा झाल्या. शिवाय गॅलरीतली कोरफड.

यातल्या सात वस्तू मी जूनच्या एकाच आठवड्यात आणल्या आणि सगळ्या एकदम सुरू केल्या. कारण एकच : सगळं वनस्पतींपासून केलेलं आहे, तर त्रास कसला होणार! अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईने असं समजावं याचं मला आज फार वाईट वाटलं. वनस्पतीला पळता येत नाही, म्हणून ती रसायनांनीच स्वतःचा बचाव करते. हे वाक्य दरवर्षी मीच फळ्यावर लिहिते.

आजपासून सगळं बंद. साधं पाणी, बिनवासाचा सौम्य फेसवॉश आणि पातळ थर पेट्रोलियम जेलीचा. सनस्क्रीनही नाही, छत्री आणि ओढणी. आणि ही वही.

१५ जुलै

सूज ओसरली, खाज आहे. दोन दिवस एकच प्रश्न डोक्यात आहे : नेमकं कशानं?

'काल जे लावलं त्यानं आज उठलं' हा हिशेब इथे चुकतो. झोंबणं, आग होणं ही कातडीची सरळ जळजळ असते, ती मिनिटांत किंवा तासांत कळते. ॲलर्जीची गोष्ट वेगळी. शरीरातल्या टी पेशी, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, आधी एखादा रेणू ओळखायला शिकतात, त्याला आठवडे लागतात, कधी वर्षं. एकदा ओळख पटली की पुढच्या वेळी पुरळ उठतं ते एक ते तीन दिवसांनी. म्हणजे रविवारी सुजलेल्या पापण्यांचं मूळ गुरुवारी किंवा शुक्रवारी लावलेल्या कशात तरी असणार. आणि त्या दोन दिवसांत मी नऊ गोष्टी लावल्या होत्या.

१६ जुलै, रात्री

प्रयोगशाळेतलं भिंग घरी आणलं आणि बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचत बसले. घटकांची यादी जास्तीकडून कमीकडे जाते, पण एक टक्क्याच्या खालचे घटक कुठल्याही क्रमाने लिहिलेले चालतात. 'आवळा' सीरमवर आवळ्याचं मोठं चित्र आहे. यादीत मात्र पाण्यानंतर एस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्व, आणि आवळ्याचा अर्क शेवटून तिसरा. एस्कॉर्बिक आम्ल वाईट नाही, कामाचंच आहे. पण ते त्वचेत उतरायला द्रावणाचा सामू (पीएच; जितका कमी तितकं आंबट) ३.५ च्या खाली लागतो. म्हणजे मी आवळा म्हणून रोज चांगलंच आंबट काहीतरी लावत होते.

आता जूनमधला माझा रात्रीचा क्रम लिहून काढते. आधी पपईचा मास्क. पपेन प्रथिनं तोडतं, म्हणजे वरच्या थरातल्या मृत पेशी सैल होतात. त्यावर टोनर, मग हे आंबट सीरम. त्यावर बाकुचिओल. आणि मग 'शांत वाटावं' म्हणून कॅमोमाइलचं क्रीम. एकेक वस्तू बहुतेकांना सोसते. पण त्वचेचा वरचा थर म्हणजे घराची भिंत. मास्कने भिंतीतला चुना खरवडला, आम्लाने फटी रुंदावल्या, आणि पुढचं प्रत्येक क्रीम एरवी पोचलं नसतं तितकं आत गेलं. एकत्र लावण्यातला धोका मला आज समजला. बाटलीत बाटली मिसळून काही स्फोट होत नाही. आधीची वस्तू नंतरच्या वस्तूसाठी वाट मोकळी करते.

टी ट्रीची बाटली कचऱ्यात टाकली. दोन वर्षांपूर्वी उघडलेली, झाकण सैल, वासही बदललेला. हे तेल हवा आणि उजेड लागून जुनं होतं तसतसे त्यात ॲलर्जी आणणारे पदार्थ वाढतात. शिवाय मी ते मुरमांवर निव्वळ लावत होते. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर जो अभ्यास झाला, त्यात ५ टक्के टी ट्री तेल असलेलं जेल वापरलं होतं. मी लावत होते शंभर टक्के.

२७ जुलै

चेहरा पूर्ण शांत. दोन आठवडे लागले.

आजपासून हातावर चाचणी. कोपराच्या आतल्या बाजूला पेनाने पाच रुपयांच्या नाण्याएवढं वर्तुळ, त्यात दिवसातून दोनदा एकच वस्तू, निदान आठ-दहा दिवस. दोन हात, म्हणून एका वेळी दोन वस्तू. डावीकडे जेष्ठमध, उजवीकडे कडुनिंबाचा फेसवॉश. फेसवॉश चेहऱ्यावर जेवढा वेळ राहतो तेवढाच ठेवून धुवायचा; तसाच वाळू दिला तर चांगला साबणही कातडी सोलेल.

६ ऑगस्ट

दोन्ही पास.

१० ऑगस्ट

कोरफड. आज लेक मदतीला होती. कुंडीतलं बाहेरचं, जाडजूड पान बुडापासून कापलं. कापल्याबरोबर सालीच्या लगतच्या कडेने पिवळा चीक पाझरला, बोटाला कडसर उग्र वास. लेक लगेच गर काढायला निघाली होती, तिला थांबवलं. पान पेल्यात उभं ठेवलं, कापलेली बाजू खाली. पंधरा मिनिटांत पेल्याच्या तळाशी चहाच्या चमच्याएवढा गढूळ पिवळा चीक साचला आणि हवा लागून तपकिरी पडत गेला. त्यात ॲलोइन असतं. सुकवलेला हा चीक म्हणजेच काळा बोळ, पोट साफ करायला देतात तो. कातडीला तो चावतो. 'मला कोरफड सोसत नाही' म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांना सोसत नाही ती कोरफड नसून हा चीक असावा, असं मला वाटतं.

मग पान धुतलं, काटेरी कडा काढल्या, साल सुरीने सोलली, आणि उरलेला काचेसारखा गर पुन्हा एकदा पाण्याखाली धरला. हातावर लावला. उरलेला फेकून दिला, कारण त्यात टिकवणारं काही नाही. फ्रिजमध्येही दोन दिवसांत त्याचं पाणी होतं आणि त्यात काय काय वाढतं ते सूक्ष्मदर्शकाखाली मी पाहिलेलं आहे.

१७ ऑगस्ट

दुसऱ्या हातावर बाकुचिओल सुरू आहे, आज सातवा दिवस, काही नाही.

लेकीने फोनवर दाखवलं : 'बावची तेल', माझ्या सीरमच्या एक दशांश किमतीत. 'आई, बाकुचिओल बावचीतूनच येतं ना? मग हेच घेऊया की.' तिला जवळ बसवून आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबांच्या पायांवर कोड होतं. गावचे वैद्य बावचीचं तेल लावून कोवळ्या उन्हात मोजून काही मिनिटं बसवायचे. एकदा आजोबा उन्हात तसेच डुलकी घेत राहिले आणि नडगीवर टरारून फोड आले. महिनाभर लुगड्याची चिंधी गुंडाळून हिंडत होते. बावचीच्या बियांत सोरालेन असतं. ऊन लागलं की ते पेटतं, आणि कोडावर त्याचा उपयोग होतो तोही त्याच गुणामुळे.

सीरममधलं बाकुचिओल हा त्याच बियांतला वेगळा रेणू, शुद्ध करून घेतलेला. २०१९ साली ब्रिटिश त्वचारोग नियतकालिकात ४४ जणांवरचा अभ्यास आला होता : १२ आठवडे, अर्ध्या टक्क्याचं बाकुचिओल दिवसातून दोनदा विरुद्ध तेवढंच रेटिनॉल, सुरकुत्यांवरचं नेहमीचं औषध, दिवसातून एकदा. सुरकुत्या आणि डाग दोन्हींनी कमी झाले, पण साल निघणं आणि झोंबणं रेटिनॉलवाल्यांना जास्त. त्या अभ्यासात बावचीचं तेल नव्हतं. एकाच बीमधून आलेल्या दोन गोष्टी इतक्या निराळ्या वागतात. लेकीने ते पान बंद केलं.

२० ऑगस्ट

कॉलेजात गाजर गवत निर्मूलन. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा जागृती सप्ताह असतो. मैदानामागचा पट्टा कमरेएवढ्या पांढऱ्या फुलांनी भरला होता. मुलांना हातमोजे दिले, मी मात्र मोजे कमी पडले म्हणून ओढणीच्या पदराने उपटत राहिले. संध्याकाळी डोळे चुरचुरत होते. धूळ असेल. हातावर दोन्हीकडे स्वच्छ, आवळा सीरम आजपासून सुरू.

३ सप्टेंबर

आज वहीत सविस्तर लिहायला हवं.

३१ ला गौरी आल्या, काल गेल्या. आवाहनाच्या आदल्या रात्री सासूबाई आणि मी पाटावर बसून हार केले. तीन किलो झेंडू, दीड किलो शेवंती. वेण्या मी गुंफल्या. शेवंतीच्या देठांचा तो हिरवा कडू वास बोटांना दुसऱ्या दिवशीही येत होता, आणि मधूनमधून केस मागे सारायला, घाम पुसायला हात चेहऱ्याकडे जात होताच.

काल विसर्जनाच्या वेळी पापण्या जड. आज सकाळी थेट जुलैसारख्या. आणि चेहऱ्यावर सात आठवड्यांत एकही बाटली लागलेली नाही!

आरशासमोर उभी असताना २० ऑगस्टची नोंद आठवली. वही उघडली. चुरचुरणारे डोळे, गाजर गवत. आज, शेवंती आणि झेंडू. मग कपाटातलं ते क्रीम आणलं, भिंग धरलं. 'कॅमोमिला रेक्यूटिटा'. टोनरवर पुढे ग्रीन टी, मागे यादीत नववा घटक 'कॅलेंडुला ऑफिसिनालिस'. गाजर गवत, शेवंती, झेंडू, कॅमोमाइल, कॅलेंडुला. पाचही सूर्यफुलाच्या कुळातली. फूल म्हणून आपण जे खुडतो तो मुळात शेकडो बारक्या फुलांचा गुच्छ असतो, हे या कुळाचं लक्षण मी सातत्याने तेवीस वर्षं मुलांना शेवंतीच सोलून दाखवत आले. त्या कुळात सेस्क्विटर्पीन लॅक्टोन नावाचे कडू पदार्थ असतात, आणि एकाची ॲलर्जी लागली की भावंडांनाही शरीर ओळखतं.

संशय होता तो बावचीवर, आम्लावर, टी ट्रीवर. सगळ्यांत सौम्य म्हणून जे क्रीम मी आग झाली की थापत होते, त्याच्याकडे मी पाहिलंच नव्हतं. आणि पपईच्या मास्कनंतर, उघड्या पडलेल्या कातडीवर, एकाच कुळाच्या दोन मात्रा मी रोज रात्री लावत होते : एक टोनरमधून, एक क्रीममधून.

६ सप्टेंबर

त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले, वही घेऊन. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली. म्हणाल्या, वरच्या पापण्या, मानेची घडी, कोपराचा खळगा, असं जिथे त्रास होतो तिथे त्या आधी गाजर गवताचं विचारतात. हे तण पुण्यात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा ठळकपणे नजरेत आलं आणि तिथून देशभर पसरलं. वाळल्यावर त्याचे केस आणि चुरा हवेत उडतो, त्यामुळे उपटायलाच हवं असंही नाही, रस्त्याने जाताना पुरतं. लहानपणी आम्ही बांधावर त्याची फुलं एकमेकींच्या अंगावर उडवायचो ते त्यांना सांगितलं.

सौम्य मलम पाच दिवसांसाठी दिलं आणि बजावलं की त्यात स्टेरॉइड आहे, सहाव्या दिवशी ट्यूब बंद, परत मनाने लावायची नाही. चेहरा शांत झाल्यावर पॅच टेस्ट, म्हणजे संशयातले पदार्थ पाठीवर चिकटवून ॲलर्जी तपासणं. स्वयंपाकातलं सूर्यफुलाचं रिफाइंड तेल बंद करायची गरज नाही म्हणाल्या. माझ्या आधी हा प्रश्न लेकीने विचारला होता.

२२ सप्टेंबर, सोमवार

पाठीवर चिकटपट्ट्या लागल्या. त्यांच्या नेहमीच्या मालिकेतले पदार्थ, त्यात गाजर गवत आहेच, आणि माझ्या स्वतःच्या चार बाटल्या. बुधवारी काढायच्या, शुक्रवारी पुन्हा पाहायचं. तोवर पाठीला पाणी नाही, घामही कमी.

आज घटस्थापना. सासूबाईंना हे कसं सांगावं म्हणून मी सकाळी ओट्याशी घुटमळत होते. त्यांनीच विचारलं, आणि म्हणाल्या, 'अगं, ओल्या फडक्याने अंग पूस आणि ये. देवीला तुझी पाठ बघायची नाही.' माझे डोळे भरून आले.

२६ सप्टेंबर

गाजर गवत : दोन अधिक (जितके अधिक तितकी ॲलर्जी जोरात). पाठीवर लाल, उचललेला चौकोन, कडेला बारीक फोडी. कॅमोमाइलचं क्रीम : एक अधिक. आवळा सीरम, जेष्ठमध, बाकुचिओल : काही नाही.

२८ सप्टेंबर

आता क्रम लावायचा. टोनर आणि कॅमोमाइलचं क्रीम गेलं. पपईचा मास्कही काढून टाकला. मला काही तो चावला नाही, पण आम्लही आणि बाकुचिओलही वापरायचं असेल तर तिसरं सोलणारं कशाला?

सकाळी नुसतं पाणी, जेष्ठमधाचं क्रीम, सनस्क्रीन. रात्री कडुनिंबाचा फेसवॉश, आणि आठवड्यातून दोनच रात्री, बुधवार आणि शनिवार, बाकुचिओल. बाकी रात्री जेष्ठमधच. हे दोन आठवडे सोसलं तरच सकाळचं आवळा सीरम, तेही एक दिवसाआड. ते उघडल्यापासून पिवळसर व्हायला लागलंय. तपकिरी झालं तर लावायचं नाही. आम्ल सकाळी आणि बाकुचिओल रात्री, म्हणजे दोघांची गाठच पडायला नको.

सासूबाईंची हळद-चंदनाची पूड रविवारी, दुधात कालवून, लागेल तेवढीच. त्या त्यात कागदी लिंबू पिळायच्या. त्याबद्दल आज बसून बोललो. लिंबाच्या रसाचा सामू दोनच्या आसपास, शिवाय कागदी लिंबाच्या रसात आणि सालीत बावचीच्याच जातीचे, उन्हात पेटणारे पदार्थ असतात. उन्हाळ्यात सरबतं करणाऱ्यांच्या हातावर उन्हात फोड येतात आणि मग महिनोन्महिने काळे डाग राहतात ते त्यानेच. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, 'आमच्या वेळी लेप लावून कुणी उन्हात जायचं नाही. माजघरात बसायचं आणि तिथेच धुवायचं.' ही सूचना मला कुठल्याच बाटलीवर सापडली नव्हती. लिंबू तरीही काढलंच.

२ ऑक्टोबर, दसरा

झेंडूचं तोरण लेकीने आणि ह्यांनी केलं. मी आंब्याची पानं पुसून दिली. पापण्या ठीक.

१२ ऑक्टोबर

बाकुचिओलच्या चार रात्री झाल्या. नाकाच्या कडेला थोडा कोरडेपणा, खाज नाही. हे बुधवारीच वाढवायचं मनात आलं होतं, पण थांबले. अजून एक आठवडा दोनच रात्री. आवळा सीरमही त्यामुळे पुढे ढकललं. कोरफडीचा गर एकदा लावला, चीक काढूनच.

कॉलेजात आता गाजर गवत उपटताना सगळ्यांना पुरतील एवढे मोजे आणि फुलं येण्याआधी, जूनअखेरच, असं प्राचार्यांकडून लेखी मंजूर करून घेतलं. त्वचेवर पुरळ उठणारी तीन मुलं माझ्याच वर्गात निघाली. त्यांतली एक मुलगी दोन वर्षं चेहऱ्याला घरचा झेंडूच्या फुलांचा लेप लावत होती. तिच्या आईला वही वाचायला दिली आणि डॉक्टरांकडे जायला सांगितलं.

१९ ऑक्टोबर

उद्या नरक चतुर्दशी. बाजारातल्या उटण्याच्या पाकिटावर शेवटी 'सुगंधी फुलांची पूड' एवढंच लिहिलंय, कुठली फुलं ते नाही. दुकानदारालाही सांगता येईना. परत ठेवलं.

दुपारी सासूबाईंनी वर्तमानपत्र पसरलं. मसूर डाळीचं पीठ, आंबेहळद, नागरमोथा, कचोरा, वाळा, थोडं चंदन. संत्र्याची वाळलेली सालं हातात घेऊन त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मागच्या वर्षीची होती. जुन्या सालीतल्या तेलाचं टी ट्रीसारखंच होतं, म्हणून ती नकोत म्हटलं. त्यांनी बाजूला सारली. चाळणीतून गाळलेली पूड चिमूटभर घेऊन तिळाच्या तेलात कालवून कोपराच्या आत लावली, दहा मिनिटांनी धुतली. काही नाही. एका चाचणीने सगळं कळत नाही, दोन दिवस बघायला हवे होते. म्हणून उद्या मी फक्त हातापायांना लावणार, चेहऱ्याला नाही. काल शनिवारचं बाकुचिओलही गाळलं, कारण उटणं चोळायचं आहे.

डबा भरून झाल्यावर सासूबाईंनी लेकीकडून चिठ्ठी लिहून घेतली आणि झाकणावर चिकटवली : आत काय काय आहे, किती किती आहे, आणि कधी केलं.